एकसष्टावा कणा

९ जानेवारी

मामा,

'तीर्थरूप' आणि 'साष्टांग' लिहायला बसले तर त्यातच पान संपेल, आणि साष्टांग म्हटलं की तुझीच पाठ डोळ्यांपुढे येते. म्हणून थेट मुद्द्यावर येते. (मी आणि थेट मुद्द्यावर! हे वाचून मामी हसली असणार.)

तुझं पाकीट मिळालं. त्यात एमआरआयची सीडी, तुमच्या तिथल्या सर्जनच्या चिठ्ठीचं पान, 'चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली आहे, सहा मार्चला ऑपरेशन', आणि तुझं पत्र. 'तू मोठ्या इस्पितळात लागलीस असं कळलं. तिथल्या एखाद्या मोठ्या माणसाला दाखव. मला कापून घ्यायचं नाही. आमच्या वखारीतला जुना मुकादम पाठीच्या ऑपरेशननंतर पुन्हा उभा राहिला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.' एवढं लिहायला तू फोन का केला नाहीस ते विचारत नाही. तुझ्या वखारीत फोन केला की मला करवतच ऐकू येते, आणि तुला बहुतेक तीही येत नाही.

आता 'लागली' या शब्दाबद्दल. मी इस्पितळात लागले म्हणजे काय, ते नीट सांगते, नाहीतर मामी सगळीकडे डॉक्टरीण म्हणून सांगत सुटेल. बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे बसवायचं काम मी सोडलं (सुटलं. दीडशे बाहुल्या तिरळ्या निघाल्या). मग इथे मैत्रिणीकडे आले, आणि इस्पितळाच्या दारात पाटी होती: 'संगणकावर फाइली लावण्यासाठी माणूस हवा'. माणूस ना, मग मी चालेन. काम असं आहे: साठ रोग्यांच्या कण्यांचे एमआरआय घ्यायचे, त्यांवरची नावं पुसायची, एक ते साठ नंबर द्यायचे. मग बारा सर्जन एकेकटे खोलीत येऊन ते बघतात आणि फॉर्म भरतात. नस दाबली आहे का: नाही, थोडी, बरीच. ऑपरेशन: हो की नको. दीड महिन्याने मी त्याच साठांना नवे नंबर देऊन, पत्ते पिसावेत तसे पिसून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवायचे. त्यांना ओळख पटायला नको.

कशासाठी? तर एवढंच पाहायचंय, की सर्जन जितका मुरलेला तितका स्वतःच्या मताशी पक्का असतो का. आज 'बरीच' म्हणणारा दीड महिन्याने 'थोडी' म्हणतो का. बारांपैकी दहा नवखे आहेत, कुणाला दोन वर्षं झालीत, कुणाला चार. दोघं मुरलेले. एकांना सगळे थोरले म्हणतात, तीस वर्षं कणेच बघतायत. दुसऱ्यांना मी मनातल्या मनात हेडमास्तर म्हणते, कारण ते आले की मी उगाच उभी राहते.

तर मामा, मोठ्या माणसाला दाखवायचं म्हणजे मला त्यांच्याशी बोलावं लागणार, आणि ते मला ओळखतसुद्धा नाहीत. थोरल्यांनी एकदा मला 'जरा तो दिवा' म्हटलं, तेवढाच परिचय. पण काल फाइली लावताना डोक्यात आलं. साठ कणे आहेत. एकसष्ट झाले तर कुणाला कळतंय? बारा सर्जन, दोन दोन वेळा, म्हणजे तुला चोवीस मतं! आणि कुणापुढे तोंड वेंगाडायला नको.

घालू का?

तुझी भिंगरी

२० जानेवारी

भिंगरे,

बाहुल्यांचं वाचून मामी अर्धा तास हसत होती. मी हसलो नाही, कारण हसलं की कंबरेतून डाव्या पायात कळ जाते.

तू जे सांगतेस ते माझ्या ओळखीचं आहे. मी फळ्या निवडायला लागलो तेव्हा मालकाने माझी अशीच परीक्षा घेतली होती. सकाळी मी चाळीस फळ्या पाहिल्या, ही एक नंबर, ही दोन नंबर, ही जळाऊ. मालकाने त्याच चाळीस फळ्या मागच्या फाटकाने फिरवून दुपारी जेवणानंतर पुन्हा माझ्यापुढे आणल्या. चौदा फळ्यांना मी वेगळा नंबर दिला! मालक म्हणाला, 'तुझं पोट भरलं की लाकूड सुधारतं का रे?' आज सव्वीस वर्षांनी कुणी तसं केलं तर एखाददुसरी फळी इकडची तिकडे होईल, जास्त नाही. तेव्हा मुरलेला माणूस पक्का असतो हे तुला मीच सांगितलं असतं. त्यासाठी बारा सर्जन कशाला बसवले?

पण एक सांगून ठेवतो. एका जातीच्या लाकडात काळपट रेघ येते. मी तिला कीड समजायचो आणि फळी जळाऊत टाकायचो. दरवेळी, एकदाही चूक नाही. वीस वर्षांनी एका सुताराने ती फळी रंधा मारून दाखवली. कीड कुठली, नुसता रंग होता तो. म्हणजे वीस वर्षं मी न चुकता चुकत होतो.

असो. तू घालतेस तर घाल. पण गुपचूप घाल, आणि नोकरी घालवू नकोस. तुझी एक नोकरी हिवाळाभर टिकलेली बघायची मामीची फार इच्छा आहे.

बाकी ठीक. पाय आहे तसाच आहे. दारातल्या पायपुसण्याला दोनतीनदा अडखळलो, म्हणून मामीने ते उचलून फेकलं. ती तशी उतावीळच.

मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

आधी मोठी बातमी: सात विरुद्ध पाच! सात म्हणाले 'नको', पाच म्हणाले 'हो'. पहिली फेरी काल संपली, फॉर्म माझ्याच कपाटात असतात, मी फक्त तुझेच पाहिले. (आणि एका बाईंचे, कारण त्यांचा कणा इतका वाकडा होता की राहवेना. तसे बाकीचेही चाळले. बरं, सगळेच पाहिले.)

तू एकसष्ट नंबरला आहेस. तुझ्या कण्यापुढे बसलेले बारा जण मी दाराच्या काचेतून पाहिले. नवखे फार वेळ लावतात. एक जण दहा मिनिटं पुटपुटत होता, 'आहे… नाही… आहे तशी…' मला वाटलं आता पाकळ्या तोडेल. दुसरीने 'नको'वर गोल केला, खोडला, 'हो'वर केला, आणि बाहेर येऊन मला विचारलं, 'खोडलेलं चालतं का?' मी म्हटलं, 'बाहुल्यांना चालत नव्हतं.'

थोरल्यांनी चाळीस सेकंद घेतले. मी मोजले. पेन्सिल दातात, एकदा वर, एकदा खाली, 'थोडी, ऑपरेशन नको', पुढचा. हेडमास्तरांनी पन्नास घेतले. 'बरीच, ऑपरेशन हो', पुढचा. आता त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही हे तुझं दुर्दैव. पण थोरले ते थोरले. आणि वर बहुमतही आपलंच!

मला काय वाटतं ते विचारशील तर (विचारू नकोस, पण मी सांगतेच) थोरल्यांची तीस वर्षं आणि सातांची संख्या एकीकडे, आणि तुझ्या तिथला एकटा सर्जन दुसरीकडे. तू घाबरत होतास ते बरोबरच होतं म्हणायचं.

बाकी इथे खोलीच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले शंभर तरी हातमोजे दिसतात. कुणाचे, कशाला, काही कळत नाही. एके दिवशी जाऊन विचारणार आहे.

तुझी भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मी वखारीत सगळ्यांना वाचून दाखवलं. करवत बंद करून! मालकसुद्धा म्हणाला, बारा सर्जन म्हणजे काय चेष्टा आहे?

सहा मार्चचं ऑपरेशन मी आज जाऊन रद्द केलं. सर्जन बाहेर होते, खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'डॉक्टरांशी बोलून घ्या.' मी म्हटलं, 'बाई, मी बारांशी बोललोय.' फार दिवसांनी असं रुबाबात बोलायला मिळालं.

मामी तोंड फुगवून बसली आहे. ती म्हणते, नोकरी न टिकणाऱ्या पोरीचं ऐकून तुम्ही निघालात. मी म्हटलं, तिचं कुठे ऐकतोय, तिच्या कपाटाचं ऐकतोय.

संध्याकाळी बागेत फिरायचं मात्र सोडलंय. तिथली फरशी फार वरखाली झाली आहे, नगरपालिकेचं लक्ष नाही. आणि चपला सोडून बूट घालतो. आजकाल चपला हलक्या बनवतात, पायात राहतच नाहीत.

हातमोज्यांचं कळलं की कळव.

मामा

४ एप्रिल

मामा,

मधे इतके दिवस पत्र नाही, तू काय समजला असशील ते मला माहीत आहे: पुन्हा नोकरी सुटली. सुटली नाही. तीच तर पंचाईत आहे, सुटली असती तर पळून तरी गेले असते.

दुसरी फेरी संपून अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी रोज कागद घेते, 'प्रिय मामा' लिहिते, आणि मग चहा प्यायला जाते. आज चहा पिऊन आले आहे.

पाच विरुद्ध सात. म्हणजे उलट. पाच 'नको', सात 'हो'. थोरले आणि हेडमास्तर जागचे हलले नाहीत, त्यांचे दोन्ही फॉर्म एकावर एक ठेवले तर एकच फॉर्म दिसेल. पण दहा नवख्यांमधल्या सहांनी पलटी खाल्ली. चार 'नको'चे 'हो' झाले, दोन 'हो'चे 'नको'. त्या पुटपुटणाऱ्याने या खेपेला अर्ध्या मिनिटात 'बरीच' लिहिलं, आणि चेहऱ्यावर असा भाव, की यात काय बघायचंय!

मी तुला ज्या सात मतांवर बसवलं होतं, त्यातली चार दीड महिनाही टिकली नाहीत. बाकी कणे इतके नाही हलले. तुझाच काठावरचा निघाला. आणि काठावरच्या माणसाला मी पत्र लिहून ऑपरेशन रद्द करायला लावलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले असशील, पण उंटावर चढताही न येता हाकणारी मी पहिलीच.

आता पुढचं. इथे आकडेमोड करणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना आकडेबाई म्हणतो, त्यांनाही ते आवडतं. परवा त्यांनी मला बोलावलं.

'साठ गुणिले बारा किती?'

'सातशे वीस.'

'मग पहिल्या फेरीचे सातशे बत्तीस फॉर्म माझ्याकडे कसे?'

मी खिडकीतून हातमोजे बघत राहिले.

'दुसऱ्या फेरीतही सातशे बत्तीस. म्हणजे चूक पक्की आहे. एकसष्ट नंबर कोण?'

'माझा मामा.'

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, 'उरलेले साठही कुणाचे तरी मामा आहेत.'

मी म्हटलं, मला फक्त चोवीस मतं हवी होती. त्या म्हणाल्या, 'मग ती मोजलीस?' मी म्हटलं, हो, आधी सात-पाच, मग पाच-सात. 'आणि त्यांना सांगितलंस?' मी मान हलवली. 'अगं, ही काय निवडणूक आहे? हे लोक रोगी तपासायला बसले नव्हते. आम्ही त्यांनाच तपासत होतो.'

उद्या मला थोरल्यांपुढे जाऊन हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. मामा, तू तुमच्या तिथल्या सर्जनकडे परत जा. माझं काहीही ऐकू नकोस. हेसुद्धा ऐकू नकोस असं लिहिणार होते, पण मग तू जाणार नाहीस.

भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

पत्र मामीचं आहे. तुझे मामा लिहिणार नाहीत. लिहिलं तरी खोटं लिहितील, म्हणून मीच बसले.

तुझं सात-पाचचं पत्र शर्टाच्या खिशात घालून हे दोन महिने फिरतायत. घडीवर फाटलं तर चिकटपट्टी लावली. परवा तुझं नवं पत्र आलं, ते वाचलं, नीट घडी केली आणि जुन्याच्या मागे ठेवलं. 'काय लिहिलंय?' विचारलं तर म्हणाले, 'हातमोज्यांचं अजून कळलं नाही तिला.' आज शर्ट धुवायला घेतला तेव्हा मी दोन्ही वाचली.

आता मी सांगते ते ऐक. जानेवारीपासून यांचं डावं पाऊल वर उचलत नाही. चालताना गुडघा असा उंच घेतात, जसे काय गुडघाभर पाण्यातून चाललेत, आणि पाऊल खाली आपटतं. शेजारची म्हणते, तुमचे मिस्टर येताना जिन्यातच कळतं. चप्पल पायातून निघून मागे राहते आणि हे पुढे जातात. बागेची फरशी चांगली आहे, मी जाऊन पाहून आले. गेल्या शुक्रवारी वखारीत फळ्यांवर तोंडावर आपटले, ओठाला तीन टाके पडले. मला म्हणाले, फळी घसरली. फळी कशी घसरेल? फळी खाली होती, हे वर होते.

आणि सर्जनच्या चिठ्ठीला दोन पानं होती. तुला एकच पाठवलं. दुसरं गादीखाली होतं, तेही आज सापडलं. त्यावर लिहिलंय, 'डाव्या पायाच्या अंगठ्याचा जोर कमी झाला आहे, थांबू नये.' डिसेंबरातच लिहिलंय.

तू फोटो दाखवलास बारा जणांना. पाय कुणी पाहिला? तू तरी कुठे पाहिलास, दीड वर्षात आली आहेस का घरी?

रागाने लिहितेय, पण रागावले नाहीये. काय करायचं ते लवकर कळव. यांच्याशी बोलून उपयोग नाही, मी विचारलं की ते वखारीच्या गोष्टी सांगतात.

मामी

१४ एप्रिल

मामी आणि मामा,

दोघांनी मिळून वाचा. खिशात ठेवू नका.

पाच तारखेला मी थोरल्यांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि मामा, त्यांनी स्वतः भरलेले तुझे दोन्ही फॉर्म मागून घेतले. मला वाटलं, 'बरं' म्हणजे 'नीघ'. पण निघायला सांगितलं नाही, म्हणून मी तशीच येत राहिले. आज सकाळी मामीचं पत्र आलं, ते घेऊन मी पुन्हा त्यांच्या दारात. आत कुणीतरी होतं, तरी घुसले. पत्र वाचून दाखवायला लागले, पायपुसण्यापर्यंत आले (मामी, तुझ्या पत्रात पायपुसणं नव्हतं, ते मामाच्या जुन्या पत्रात होतं, मी घाबरून दोन्ही एकत्र करून सांगत होते), तेव्हा त्यांनी हात वर केला.

'चप्पल निघून जाते आणि त्यांना कळत नाही?'

'हो.'

'टाचांवर उभं राहता येतं?'

'माहीत नाही.'

'कधीपासून?'

'जानेवारी.'

मग ते एकदम उठले. मामा, तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस इतक्या पटकन उठताना मी पाहिला नव्हता. म्हणाले, 'मी त्या फोटोला दोनदा नको म्हणालो. त्या फॉर्मवर पायाचा रकाना कुठे होता?' हे मला विचारत होते की स्वतःला, ते कळलं नाही. मी उत्तर दिलं, 'नव्हता.' ते म्हणाले, 'नव्हताच.' आणि तुमच्या तिथल्या सर्जनच्या त्या दुसऱ्या पानाबद्दल म्हणाले, 'त्या माणसाने बरोबर लिहिलं होतं.'

सोमवारी सकाळी नऊ वाजता या. त्याच्या आधी येता आलं तर आधी या. सीडी इथे आहेच. दुसरं पान आणा. मामा, मुकादमाबद्दलही मी विचारलं. ते म्हणाले, न पाहिलेल्या माणसाबद्दल मी आता काही बोलत नसतो.

मला मात्र त्या खोलीत यायला बंदी आहे. आकडेबाई म्हणाल्या, अभ्यास अजून आटोपलेला नाही, तू पुरेसा घोळ घातला आहेस, बाहेर बाकावर बस. तेव्हा मी बाकावर असेन. ओठाला टाके पडलेला आणि पाण्यातून चालल्यासारखा चालणारा माणूस दिसला की मी ओळखेन.

भिंगरी

३ जून

मामा,

तुम्ही परत गेल्याला महिना झाला. मामीचं कार्ड मिळालं: 'टाके काढले, कळ थांबली, पावलाचं बघू.' पावलाचं बघू म्हणजे काय ते तिने लिहिलं नाही.

इथला अभ्यास आटोपला. नवखे आपल्याच मताशी दहातल्या सहा वेळा जुळले, मुरलेले दोघे दहातल्या जवळजवळ नऊ वेळा. म्हणजे तू जे चाळीस फळ्यांवर सांगितलंस तेच, फक्त याला दोन फेऱ्या आणि आकडेबाई लागल्या. पण ते दोघे मुरलेले एकमेकांशी मात्र दहातल्या सातच वेळा जुळले. ज्याचं त्याचं मत पक्कं, आणि तरी वेगळं. आकडेबाईंच्या अहवालात तुझ्यावर एक ओळ आहे: 'एक फोटो नजरचुकीने सामील झाला होता, तो वगळला.' तुझा कणा आणि माझी अक्कल, दोघांची सोय एका ओळीत लागली. 'नजरचुकीने' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी घातला, मी मागितला नव्हता.

काम संपलं तशी मीही संपले. आता एक बोट आहे, समुद्राचा तळ मोजत फिरते, तिच्यावर स्वयंपाक्याच्या हाताखाली जागा आहे. तीस जूनला निघते. चार महिने. मला मोजता येत नाही हे त्यांना सांगितलंय, ते म्हणाले, बटाटे सोलायचेत.

मामा, एक खरं सांगते. मी तुम्हाला पोचवायला घरापर्यंत आले नाही, तेव्हा मामीला म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती. नंतरही दोन रविवार होते. पण तुला चालताना पाहिलं की मी आठवडे मोजायला लागते. सहा मार्चपासून तुझं ऑपरेशन झालं तोपर्यंत साडेसहा होतात. बाकावर बसून तेवढंच करत होते. पाऊल परत नाही आलं, तर ते साडेसहा आठवडे माझे.

आत खोलीत थोरले काय म्हणाले ते तू मला कधी सांगितलंच नाहीस.

भिंगरी

१६ जून

भिंगरे,

साडेसहा आठवडे एकटीच कुठे घेऊन चाललीस? त्यातले निम्मे माझे आहेत, गादीखाली दडवलेले. तू सात-पाच लिहिलं नसतंस तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. पंचांग पाहिलं असतं, कौल लावला असता. ज्याला थांबायचंच असतं त्याला कारणं पुष्कळ. तुझं कारण जरा शिकलेलं होतं एवढंच.

खोलीतलं सांगतो. दारापासून खुर्चीपर्यंत मी नऊ पावलं चाललो. थोरल्यांच्या टेबलावर संगणक सुरू होता, त्यावर माझाच कणा, मला वाटतं. त्यांनी तिकडे पाठ केली होती आणि माझे बूट बघत होते. मी बसलो तसे म्हणाले, 'झालं. करू या.' मी म्हटलं, 'डॉक्टर, तुम्ही दोनदा नको म्हणालात.' ते म्हणाले, 'हो. आज फोटो पुन्हा पाहिला तर तिसऱ्यांदाही नकोच म्हणेन.' 'मग?' 'मग तुम्ही चालत आलात.'

मी ते मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली. चार महिने लपवत होतो आणि नऊ पावलांत सगळं बाहेर!

आता पाऊल. कळ गेली, ती गेलीच. वखारीत जातो, स्टुलावर बसून फळ्या बघतो, पोरं माझ्यापुढून एकेक नेतात. मालक म्हणतो, आता तू खरा साहेब दिसतोस. पावलाला पट्टा आहे, तो लावला की अडखळत नाही. पट्टा काढून रोज सकाळी व्यायाम घ्यायला एक बाई येतात. त्या म्हणतात, अंगठा वर करा. मी करतो. म्हणजे मनातून करतो. थोरले म्हणाले होते, येईल, कदाचित पूर्ण येणार नाही, वर्षभर लागेल, त्याआधी काही बोलू नका.

परवा गंमत झाली. बाई म्हणाल्या, वर करा. मी जोर लावला. बाई ओरडल्या, 'हलला!' मामी दारातून म्हणाली, 'काही हलला नाही, चादर हलली.' बाई म्हणाल्या, मी रोज बघते, मला कळतं. मामी म्हणाली, मी एकोणतीस वर्षं बघतेय. काल पुन्हा तेच. बाई हलला म्हणतात, मामी नाही म्हणते, दोघीही एवढ्याशा हटायला तयार नाहीत. मला विचारशील तर मला हलल्यासारखा वाटतो, पण माझ्या वाटण्याला या घरात आता कुणी विचारत नाही.

तेव्हा तिसरं मत हवं. तुझी बोट तीसला निघते ना, मग त्याआधी ये. आणि नाही हलला तर नाही म्हण, माझ्यासाठी हलवू नकोस. अंगठा सकाळी जरा ताजा असतो, दुपारनंतर सुस्तावतो, म्हणून पहाटेच्या गाडीने ये.

मामा